बाजूची धडक: मोटारीची साइड इम्पॅक्ट चाचणी पायरीपायरीने

समोरच्या धडकेत प्रवाशापुढे बॉनेट असते, इंजिन असते, चुरगळायला अर्धा मीटरहून जास्त जागा असते. बाजूने धडक बसली तर दाराच्या बाहेरच्या पत्र्यापासून बरगड्यांपर्यंत जेमतेम पंचवीस-तीस सेंटिमीटर उरतात आणि त्यातलीही बरीच जागा दाराच्या जाडीनेच व्यापलेली असते. आत घुसणारे दार माणसाला टेकते ते साधारण २० ते ३० मिलिसेकंदांत. म्हणून या चाचणीत मिलिमीटर आणि मिलिसेकंद यांचाच हिशेब असतो. डमी, म्हणजे माणसाच्या जागी बसवलेली सेन्सरवाली बाहुली, १५ मिमी दाराकडे सरकलेली असेल, गाडीवर आदळणारा बॅरियर २० मिमी वर बसवलेला असेल किंवा टाकीत नऊ किलो पाणी जास्त असेल, तर मिळणारा आकडा त्या गाडीचा राहत नाही.

हा लेख चाचणी प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या, सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत दार-सीट-एअरबॅगवर काम करणाऱ्या आणि वाहन अभियांत्रिकी शिकणाऱ्या वाचकांसाठी आहे. क्रॅश टेस्टचा अहवाल स्वतः वाचून गाडी घेऊ पाहणाऱ्यांनाही शेवटचे भाग उपयोगी पडतील.

कोणता नियम, कोणती चाचणी

भारतात बाजूच्या धडकेचा सक्तीचा नियम म्हणजे एआयएस-०९९ (एआयएस म्हणजे ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड). नव्या मॉडेलना तो १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्यांना १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाला. त्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ९५ वर बेतलेली आहे. उभ्या गाडीच्या चालकाकडच्या बाजूवर, पुढे बॅरियर बसवलेली ९५० किलोची ट्रॉली ताशी ५० किमी वेगाने काटकोनात आदळवायची. ज्या गाडीत सर्वांत खालच्या सीटचा आर-पॉइंट, म्हणजे कंबरेच्या सांध्याचा आराखड्यातला बिंदू, जमिनीपासून ७०० मिमीपेक्षा उंच आहे, तिला हा नियम लागत नाही. तेवढ्या उंचीवर बसलेल्या माणसाच्या खालूनच बॅरियर जातो.

भारत एनकॅप, म्हणजे नव्या गाड्यांच्या सुरक्षेचे मूल्यमापन, हे दुसरे प्रकरण. एआयएस-१९७ नुसार १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली ही स्वेच्छेची तारांकन योजना भोसरीच्या सीआयआरटीकडून (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) चालवली जाते. ट्रॉली तीच, वेगही तोच. पण सक्तीचा नियम फक्त पास की नापास एवढेच विचारतो, तर इथे मर्यादेच्या किती आत राहिलात याचे गुण मिळतात. शिवाय खांबावरच्या धडकेची वेगळी चाचणी असते, तिच्याकडे पुढे येऊ.

बॅरियरची तयारी

बॅरियर म्हणजे बाजूने येऊन आदळणाऱ्या गाडीचे नाक. त्याचा पृष्ठभाग १५०० मिमी रुंद व ५०० मिमी उंच असतो आणि खालची कड जमिनीपासून ३०० मिमीवर असते, म्हणजे वरची कड ८०० मिमीवर येते. आत ॲल्युमिनियमच्या षट्कोनी कप्प्यांचे सहा ठोकळे दोन ओळींत बसवलेले असतात, प्रत्येक ५०० मिमी रुंद आणि २५० मिमी उंच. खालच्या ओळीची खोली ५०० मिमी आणि वरच्या ओळीची ४४० मिमी, म्हणून खालची ओळ ६० मिमी पुढे येते, बंपर येतो तशी. ठोकळे जसजसे दबतात तसतसे कडक होत जातात.

ट्रॉलीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांतले अंतर, ३००० मिमी, एकाच आसावरच्या दोन चाकांतले अंतर १५०० मिमी आणि पृष्ठभागासह एकूण वजन ९५० किलो, अधिक-उणे २० किलो. वजन जुळले म्हणजे काम झाले असे नाही. गुरुत्वमध्य पुढच्या आसामागे १००० मिमीवर आणि जमिनीपासून ५०० मिमी उंचीवर यायला हवा. वजनाच्या पाट्या चुकीच्या जागी बांधल्या तर धडकेनंतर ट्रॉलीचे नाक उचलते किंवा दबते आणि दाराला भलत्याच उंचीवर भार जातो.

पृष्ठभाग बसवताना तीन गोष्टी हटकून बिघडतात. पहिली म्हणजे वाहतुकीत ठोकळ्याचा कोपरा चेपतो. आधीच दबलेला कप्पा सुरुवातीचा प्रतिकार देत नाही, त्यामुळे कोपरा चेपलेला पृष्ठभाग वापरू नये. दुसरी म्हणजे मागची हवा. ठोकळे दबताना आतली हवा बाहेर पडायला वाट लागते, म्हणून ट्रॉली आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये भोकांची पाटी असते. कॅमेऱ्याची केबल किंवा चिकटपट्टी त्या भोकांवर आली की बॅरियर कडक होतो. तिसरी म्हणजे उंची. ३०० मिमी हे माप अधिक-उणे ५ मिमीच्या आत हवे आणि ते टायरमध्ये हवा भरून, सर्व उपकरणे बसवून झाल्यावरच घ्यावे.

गाडीची तयारी

गाडीचे वजन रिकाम्या गाडीचे अधिक १०० किलो असे धरतात. हे १०० किलो डमी आणि तिच्या उपकरणांसाठी आहेत. आधी चारही चाकांखालचे वजन वेगवेगळे मोजून ठेवावे. मग इंधन काढून, पाइपांतले उरलेले इंजिन चालवून संपवून, टाकीत पाणी भरावे.

इथे नवखे हमखास चुकतात. पाणी भरायचे ते टाकीच्या ९० टक्के आकारमानाइतके नव्हे, पूर्ण भरलेल्या इंधनाच्या वजनाच्या ९० टक्के. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. ४० लिटरच्या टाकीत साधारण ३० किलो पेट्रोल मावते, त्याचे ९० टक्के म्हणजे सुमारे २७ किलो, म्हणजे २७ लिटर पाणी. आकारमानाने मोजून ३६ लिटर भरले की मागच्या आसावर नऊ किलो जास्त येतात आणि गाडीची उंची बदलते. कूलंट, ब्रेकचे तेल वगैरे काढले असेल तर तेवढे वजन भरून काढावे.

उपकरणांचे डबे शक्यतो मागच्या डिकीत आणि धडकेच्या विरुद्ध बाजूला बसवावेत. ते बोल्टने जमिनीला धरताना सिल (दाराखालची लांब तुळई) आणि क्रॉस-मेंबर (फरशीतली आडवी तुळई) यांना भोक पाडू नये, कारण बाजूचा भार याच दोन भागांतून पलीकडे जातो.

चालकाची सीट पुढे-मागे सरकण्याच्या मधोमध ठेवावी. तिथे खाच नसेल तर सर्वांत जवळच्या खाचेत. पाठ अशी ठेवावी की एच-पॉइंट यंत्राची (सीटवर बसवून कंबरेच्या सांध्याची खरी जागा मोजणारा पुतळा) धडाची रेषा उभ्या रेषेपासून २५ अंश मागे कलेल. काचा बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सुटलेला. दारे नीट लागलेली हवीत. कुलपाची स्थिती गाडीच्या प्रणालीनुसार आधी ठरवून लिहून ठेवावी, कारण धडकेनंतर दार उघडले की नाही हा प्रश्न याच नोंदीवर सुटतो.

आर-पॉइंटमधून जाणारी उभी रेषा बाहेरून दारावर आखून घ्यावी. बॅरियरची मध्यरेषा तिच्यापासून २५ मिमीपेक्षा जास्त इकडेतिकडे पडता कामा नये. आर-पॉइंट आराखड्यातून घ्यायचा आणि मापनयंत्राच्या बाहूने गाडीवर पडताळायचा. सीटकडे पाहून अंदाजाने आखलेली रेषा सहज ३० मिमी चुकते आणि तेवढ्याने बॅरियरचा डावा किंवा उजवा ठोकळा बी-पिलरवर कमी-जास्त बसतो. बी-पिलर म्हणजे दोन दारांमधला खांब. तो किती भार घेतो यावर अर्धी चाचणी ठरते.

डमी: सर्वांत जास्त वेळ इथेच द्या

या चाचणीत ईएस-२ ही डमी वापरतात. मध्यम बांध्याच्या पुरुषाची, सुमारे ७२ किलोची. तिला तीन बरगड्या असतात आणि प्रत्येकीचे दबणे वेगळे मोजले जाते. पोटात तीन बल-सेन्सर, ओटीपोटाच्या हाडाच्या सांध्यात एक लोड सेल (बल मोजणारा सेन्सर), डोक्यात तीन दिशांचे त्वरणमापक. हात कोपरापर्यंतच असतात.

युरोपात धडक डावीकडून देतात, आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणून धडकही उजवीकडून. बरगड्यांचे मॉड्यूल आणि पोटाचे सेन्सर उजव्या धडकेसाठी फिरवून बसवावे लागतात. फिरवल्यावर चिन्हांची दिशा पुन्हा तपासावी. प्रत्येक बरगडी हाताने दाबून आणि डोके हलकेच उजवीकडून टोकून पडद्यावर आलेख कोणत्या बाजूला जातो ते पाहणे हा दोन मिनिटांचा उपाय आहे. तो न केल्याने उलट चिन्हांचे आलेख निघतात आणि मग अहवालाच्या प्रत्येक पानावर खुलासा द्यावा लागतो.

उजवीकडून धडक देण्याचा आणखी एक परिणाम दुर्लक्षित राहतो. आपल्या गाडीत दाराकडचा पाय ॲक्सिलरेटरवर असतो, म्हणजे पुढे ताणलेला. दारातला बाटलीचा कप्पा, स्पीकरची जाळी आणि गुडघा यांचे नाते डाव्या चालकाच्या गाडीपेक्षा वेगळे पडते. परदेशी आराखडा उजवीकडे उलटवून वापरलेल्या गाडीत हे नक्की मोजावे.

बसवण्याचा क्रम असा ठेवावा:

१. डमी प्रमाणित आहे का ते पाहा. डोके २०० मिमी उंचीवरून पाडून, खांदा आणि कंबर २३.४ किलोच्या लोलकाने ४.३ मीटर प्रतिसेकंद वेगाने ठोकून आणि बरगड्यांवर वजन पाडून घेतलेल्या नोंदी मर्यादेत हव्यात.

२. डमी २२ अंश सेल्सियस, अधिक-उणे ४ अंश, या तापमानावर स्थिरावू द्या. बरगड्यांमधले डॅम्पर आणि कंबरेवरचा फोम उष्णतेने नरम पडतात. एप्रिल-मे महिन्यात चाचणीच्या सभागृहातले दिवे लावल्यावर बंद गाडीत तापमान झपाट्याने वाढते. म्हणून तापमापक डमीच्या बरगड्यांपाशी ठेवा, खोलीच्या भिंतीवर नव्हे.

३. अंगाला घट्ट बसणारा सुती, ताणला जाणारा पोशाख चढवा आणि बूट घाला. सैल कापड दाराच्या हँडलमध्ये अडकते.

४. डमीची मध्यरेषा सीटच्या मध्यरेषेवर आणा. नंतर धड दोन्ही बाजूंना हलकेच झुलवून पाठ सीटला टेकवा. झुलवले नाही तर कपड्यांचे घर्षण डमीला तिरके धरून ठेवते.

५. वरचे बाहू धडाच्या रेषेशी ४० अंशांच्या खाचेत ठेवा. हा कोन महत्त्वाचा आहे. हात खाली लोंबला तर तो दार आणि बरगड्यांच्या मध्ये येतो आणि आकडा बदलतो.

६. गुडघ्यांच्या बाहेरच्या कडा डमीच्या मध्यरेषेपासून १५० मिमीवर, अधिक-उणे १० मिमी. उजवा पाय न दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर, डावी टाच फरशीवर उजव्या टाचेच्या ओळीत.

७. पट्टा लावून ढिलेपणा काढा. मग डोके, खांदा, प्रत्येक बरगडी, पोट आणि कंबर यांना वेगवेगळ्या रंगांचा ओला रंग लावा. धडकेनंतर दाराच्या अस्तरावर, पडद्यासारख्या एअरबॅगवर आणि पिलरवर कोणता रंग कुठे उमटला ते पाहून संपर्क कुठे झाला हे कळते.

८. शेवटी डोके, खांदा, एच-पॉइंट आणि गुडघा यांची दारापासूनची अंतरे मोजून लिहा. याच गाडीची दुसरी चाचणी पहिल्याशी जुळली नाही तर सर्वांत आधी हेच आकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात.

भारत एनकॅपमध्ये मागच्या सीटवर लहान मुलांच्या डमी त्यांच्या खास आसनांत असतात, साधारण दीड आणि तीन वर्षांच्या. त्यांच्या आसनांचा आयसोफिक्स आकडा (आसन थेट गाडीला अडकवणारा) खटकन बसल्याचे हाताने ओढून पाहावे. हिरवी खूण दिसली एवढ्यावर समाधान मानू नये.

सेन्सर आणि कॅमेरे

गाडीवर किमान इतक्या ठिकाणी त्वरणमापक हवेत: धडक न बसणाऱ्या बाजूच्या बी-पिलरचे मूळ, धडकेच्या बाजूच्या बी-पिलरची खालची व मधली उंची, दाराचा आतला पत्रा आणि ट्रॉलीचा गुरुत्वमध्य. धडक न बसणाऱ्या बाजूची नोंद संपूर्ण गाडीचा वेग सांगते, धडकेच्या बाजूची नोंद दाराचा. या दोहोंतला फरक म्हणजे माणसाकडे येणाऱ्या भिंतीचा वेग.

शून्य क्षण, म्हणजे पहिल्या स्पर्शाचा क्षण, ठरवण्यासाठी दाराच्या बाहेर स्पर्शपट्टी चिकटवतात. दोन लावाव्यात, वेगळ्या तारांनी. एकच पट्टी असेल आणि ती वाऱ्याने किंवा कंपनाने आधीच बंद झाली तर सर्व नोंदी चुकीच्या क्षणापासून सुरू होतात.

डोक्याच्या सिग्नलला सीएफसी १००० ही गाळणी (सिग्नलमधली नको ती थरथर काढणारा ठरीव दर्जा) लागते, म्हणून सेकंदाला किमान १०,००० नमुने घ्यावे लागतात. बरगड्यांच्या हिशेबाला सीएफसी १८० आणि पोट व कंबरेच्या बलाला सीएफसी ६००. कच्ची नोंद गाळल्याशिवाय जपून ठेवावी. चुकीची गाळणी लावलेला आकडा नंतर दुरुस्त करता येतो, कच्ची नोंद नसेल तर करता येत नाही.

कॅमेरे सेकंदाला १००० चित्रांचे. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, तेव्हा दोन चित्रांमध्ये बॅरियर जवळपास १४ मिमी सरकतो. एअरबॅग उघडण्याचा क्षण बघायचा असेल तर त्या एका कॅमेऱ्याचा वेग दुप्पट ठेवणे चांगले.

धडक

ट्रॉली केबलने ओढत आणतात आणि धडकेआधी सोडून देतात. शेवटच्या अर्ध्या मीटरमध्ये वेग स्थिर हवा, ५० किमी, अधिक-उणे १. ही मर्यादा दिसते त्यापेक्षा ऐसपैस आहे. ४९ आणि ५१ मध्ये ऊर्जेचा फरक सुमारे ८ टक्के पडतो. म्हणून एकाच गाडीच्या दोन रचनांची तुलना करायची असेल तर प्रयोगशाळेने स्वतःपुरती मर्यादा आणखी आवळावी.

ट्रॉली सोडण्यापूर्वीच्या यादीत एक ओळ ठळक अक्षरांत असावी: इग्निशन चालू, एअरबॅगचा दिवा विझलेला, गाडीच्या बॅटरीचे व्होल्टेज मोजलेले. बॅटरी तासन्‌तास उपकरणे आणि आतले दिवे चालवून उतरलेली असते आणि एअरबॅग न फुटण्याचे कारण कधी कधी इतकेच असते.

ट्रॉलीला गाडीवर दुसऱ्यांदा आदळू न देण्याची सोय बंधनकारक आहे. ब्रेक पहिल्या धडकेनंतरच लागायला हवेत. ते आधी लागले तर ट्रॉलीचे नाक खाली झुकते.

पहिली तीस मिनिटे

धडकेनंतर कोणीही गाडीला हात लावण्याआधी पाहायचे ते असे. धडकेदरम्यान कुठलेही दार उघडले का? टाकीतून गळती आहे का, असल्यास मिनिटाला ३० ग्रॅमच्या आत आहे का? गळती चटकन दिसावी म्हणून पाण्यात रंग घालतात. मग हत्याराविना पुरेशी दारे उघडतात का, पट्टा सुटतो का आणि डमी बाहेर काढता येते का, या क्रमाने.

विजेच्या गाडीत आधी विद्युत तपासणी. धडकेनंतर उच्चदाबाचे भाग ६० व्होल्ट डीसी किंवा ३० व्होल्ट एसीच्या खाली आले आहेत का, किंवा विलगीकरणाचा रोध डीसी जोडणीत प्रतिव्होल्ट १०० ओम आणि एसीत ५०० ओमपेक्षा जास्त आहे का, हे रबरी हातमोजे घातलेल्या प्रशिक्षित माणसानेच मोजावे. बाजूच्या धडकेत बॅटरीचा खोका सिलपासून हाताच्या अंतरावर असतो. सेल चेपला असेल तर आग काही तासांनीही लागू शकते, म्हणून गाडी इमारतीबाहेर मोकळ्या जागी ठेवून तिच्या तापमानावर लक्ष ठेवावे.

आकडे कसे वाचायचे

एआयएस-०९९ च्या मर्यादा: डोक्याचा निकष (डोक्याच्या त्वरणावरून काढलेला आकडा) १००० पर्यंत, कोणतीही बरगडी ४२ मिमीपर्यंत दबावी, व्हिस्कस निकष सेकंदाला १ मीटरपर्यंत, पोटावरचे बल २.५ किलोन्यूटन, ओटीपोटाच्या सांध्यावरचे ६ किलोन्यूटन. डोके कशालाही लागले नाही तर डोक्याचा निकष काढतच नाहीत, तशी नोंद करतात.

व्हिस्कस निकष नीट समजून घेण्यासारखा आहे. बरगडी दबण्याचा वेग गुणिले दबलेले अंतर, भागिले १४० मिमी. समजा बरगडी ३० मिमी दबली असताना तिचा वेग सेकंदाला ४ मीटर आहे, तर उत्तर ०.८६. दुसऱ्या गाडीत ती ४० मिमी दबली पण वेग २ मीटर आहे, तर उत्तर ०.५७. म्हणजे जास्त खोल पण सावकाश दबणे मऊ अवयवांना कमी घातक ठरू शकते. फुप्फुसे आणि यकृत यांना फाडतो तो वेग. म्हणून फक्त बरगडीचा आकडा सांगणारा अहवाल अपुरा समजावा.

तारांकनात डोके, छाती, पोट आणि कंबर यांना प्रत्येकी ४, मिळून १६ गुण असतात. छातीचे पूर्ण गुण बरगडी २२ मिमीपर्यंत दबल्यास आणि ४२ मिमीला शून्य. मधले प्रमाणात, म्हणजे ३२ मिमीला दोन गुण. पोटाला १ ते २.५ आणि ओटीपोटाला ३ ते ६ किलोन्यूटन. समोरच्या धडकेचे १६ मिळवून मोठ्यांच्या सुरक्षेचे ३२ गुण होतात आणि पाच ताऱ्यांसाठी किमान २७ लागतात.

डमीच्या पाठीवरच्या पाटीचे आणि कण्याच्या तळाचे बलही तपासावे. सीटच्या पाठीची कड डमीची पाठ पकडून तिला आधीच ढकलत असेल तर बरगड्यांचे आकडे सुखद दिसतात, पण खरा माणूस तसा ढकलला जाईलच असे नाही. अशी पळवाट बुजवण्यासाठीच त्या बलांवर गुण कापतात. बरगडीचा आलेख शिखरापाशी सपाट झाला असेल तर बरगडी तिच्या मार्गात अडकली, असा संशय घ्यावा.

काय बिघडते आणि का

चांगल्या रचनेत दार आणि बी-पिलर खालून आधी आत येतात, वरून नंतर. कंबर मजबूत असते. तिला आधी ढकलले तर सगळे शरीर दारापासून दूर सरकू लागते आणि छातीला मार कमी बसतो. म्हणून आलेखांवर कंबरेच्या बलाचे शिखर बरगड्यांच्या शिखरापूर्वी आले आहे का ते सर्वांत आधी पाहावे.

ते उलटे असेल तर बी-पिलर बहुधा खिडकीच्या खालच्या रेषेपाशी मोडलेला सापडतो. त्याची नेहमीची कारणे तीन. आतले मजबुतीकरण तिथेच संपलेले असते, किंवा पट्ट्याच्या रिट्रॅक्टरसाठी (पट्टा गुंडाळणारी चरखी) आतल्या पत्र्यात कापलेले मोठे भोक चुकीच्या उंचीवर असते, किंवा पिलरची रुंदी तिथे एकदम कमी होते. हल्ली बी-पिलर बोरॉनयुक्त पोलाद तापवून साच्यातच थंड करून बनवतात, त्याची ताणशक्ती १५०० मेगापास्कलच्या घरात जाते. त्याचा खालचा भाग मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे वाकायचे तर तो खाली वाकेल. याच कारणाने अपघातानंतर असा पिलर गॅरेजमध्ये गॅसने तापवून सरळ करणे धोक्याचे आहे. तापवले की पोलादाची ती ताकद जाते आणि वरून रंग दिल्यावर काहीच कळत नाही.

धडकेत दार उघडण्याचे कारण क्वचितच लॅच (दार धरून ठेवणारी खिटी) तुटणे असते. बहुतेकदा बाहेरच्या हँडलपासून लॅचपर्यंत जाणारी दांडी आत घुसलेल्या पत्र्याने ओढली जाते, किंवा हँडल स्वतःच्या जडत्वाने फिरते. म्हणून चाचणीनंतर दार कापण्यापूर्वी लॅचची स्थिती, दांडीचा वाक आणि हँडलचा प्रतिभार यांचे फोटो घ्यावेत.

बाजूच्या एअरबॅगला धडक ओळखून पेटण्याचा निर्णय साधारण ५ ते १० मिलिसेकंदांत घ्यावा लागतो. काही गाड्यांत त्यासाठी दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. दार चेपले की आतला दाब झटकन वाढतो, पण दाराची आतली बाजू नीट बंद असेल तरच. प्लास्टिकचा पडदा सुटलेला असेल किंवा मोठा स्पीकर बसवायला आतला पत्रा कापला असेल तर दाब वाढायच्या आत हवा निसटते आणि बॅग उशिरा फुटते. तसेच सीटच्या पाठीतून बाहेर येणाऱ्या एअरबॅगची शिवण बाजारातल्या जाड कव्हरखाली झाकली जाते. एअरबॅगसाठी खास शिवलेले कव्हर नसेल तर ते घालूच नये.

बॅग वेळेत फुटली तरी दाराचे अस्तर तिला अडवू शकते. आर्मरेस्टचा कडक कोपरा पोटाच्या सेन्सरसमोर आला की पोटाचे बल वाढते. त्यावर उपाय आर्मरेस्टचे आतले टेकू कमकुवत करणे आणि कंबरेच्या उंचीवर दारात फोमचा ठोकळा देणे, म्हणजे भार पोटाऐवजी कंबरेवर जातो.

खांब

९५० किलोच्या बॅरियरची वरची कड ८०० मिमीवर असल्याने या चाचणीत डोक्याला सहसा काहीच लागत नाही. डोक्याचे पूर्ण गुण मिळाले म्हणजे डोके सुरक्षित, असे वाचणे चूक आहे. डोक्याची खरी परीक्षा झाडावर किंवा विजेच्या खांबावर घसरत जाणाऱ्या गाडीत असते.

भारत एनकॅपमध्ये गाडी ताशी २९ किमी वेगाने २५४ मिमी व्यासाच्या ताठ खांबावर बाजूने आदळवतात. या चाचणीचे गुण मिळत नाहीत, अहवालात ‘ठीक’ असा शेरा येतो. संयुक्त राष्ट्रांचा नियम १३५ याहून कडक आहे: ताशी ३२ किमी, ७५ अंशांचा कोन आणि अधिक माणसासारखी वर्ल्डएसआयडी डमी.

ऊर्जेचा हिशेब डोळे उघडणारा आहे. १२०० किलोची गाडी ताशी २९ किमीने जाताना तिच्यात सुमारे ३९ किलोज्यूल असतात आणि ते सगळे एका वीतभर रुंदीत, एकट्या गाडीला पचवावे लागतात. बॅरियरच्या चाचणीत त्याच गाडीच्या वाट्याला बॅरियरसोबत मिळून ५१ किलोज्यूल येतात, पण ते दीड मीटर रुंदीत वाटले जातात आणि त्यातला बराच भाग बॅरियरच चुरगळून घेतो. उरलेल्या ऊर्जेने दोन्ही एकत्र ताशी २२ किमी वेगाने सरकतात.

खांबाच्या चाचणीची तयारी उलट प्रकारची. इथे गाडी आडवी सरकवायची असते, म्हणून चाकांखाली घसरत्या पाट्या किंवा सरकती फरशी लागते. घर्षण चारही चाकांखाली सारखे नसेल तर गाडी फिरते आणि खांब डोक्याच्या रेषेऐवजी खांद्यामागे पडतो. पडदा एअरबॅग खिडकीची कड आणि डोके यांच्यामध्ये उतरली आहे का, की पिलरच्या अस्तरात अडकून वरच राहिली, हे पहिल्या ३० मिलिसेकंदांच्या चित्रफितीत पाहावे.

परदेशी आकड्यांशी तुलना करताना

युरो एनकॅप २०२० पासून १४०० किलोचा बॅरियर ताशी ६० किमीने आदळवते. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेची २०२१ पासूनची चाचणी १९०० किलो आणि ताशी ६० किमीची आहे. आपल्या ९५० किलोच्या ट्रॉलीत ९२ किलोज्यूल ऊर्जा असते, युरोपच्या ट्रॉलीत १९४, आयआयएचएसच्या ट्रॉलीत २६४. तेव्हा एका देशातले पाच तारे दुसऱ्या देशातल्या पाच ताऱ्यांशेजारी ठेवू नयेत. आपल्या रस्त्यावर आज धावणाऱ्या बहुतेक एसयूव्ही ९५० किलोहून जड आहेत आणि त्यांचे बंपरही या बॅरियरपेक्षा उंच आहेत. बॅरियर जड करण्याची वेळ झाली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मापून ठेवा, मगच कापा

चाचणीपूर्वी धडकेच्या बाजूला पाच उंचींवर बिंदू नोंदवलेले असावेत: सिल, कंबर, छाती, खिडकीची खालची रेषा आणि छताची कड. धडकेनंतर तेच बिंदू त्याच मापनयंत्राने, गाडीच्या न वाकलेल्या बाजूचा आधार धरून मोजावेत. आधार वाकलेल्या भागावर घेतला तर घुसखोरी कमी दिसते. मग अस्तर काढून दारातली आडवी नळी, तिचे टोकांचे वेल्डिंग आणि बिजागऱ्या पाहाव्यात. नळी मधे वाकली असेल तर तिने आपले काम केले. टोकाशी सुटली असेल तर पत्रा किंवा वेल्ड कमी पडला. बी-पिलर ज्या उंचीवर वाकला तिथला आडवा छेद घेऊन जाडी मोजावी, लॅच आणि स्ट्रायकर (लॅच ज्यात अडकते तो आकडा) खुणा करून वेगळे ठेवावेत आणि एअरबॅगच्या कंट्रोलरमधली धडकेची नोंद वाचून घेईपर्यंत बॅटरीची तार कापू नये.